कामगारांची कौशल्ये आणि ताशी दर प्रणालीत नेमके कसे नोंदवावेत?

कप्पी
मशिनिंग आणि फॅब्रिकेशन अशी दोन्ही कामे करणाऱ्या आमच्या वर्कशॉपमध्ये सध्या व्यवस्थापनाचे सॉफ्टवेअर बसवण्याचे काम चालू आहे. ग्राहक, साहित्य आणि मशिन यांचे मास्टर, म्हणजे मूळ माहितीचे तक्ते, भरून झाले, आणि कर्मचाऱ्यांच्या मास्टरपाशी येऊन सगळे अडले. त्या पडद्यावर ‘ताशी दर’ असा एकच रकाना आहे आणि त्याच्या खाली ‘कौशल्ये’ नावाची एक मोकळी यादी आहे. लेखा विभागाचे म्हणणे असे की, प्रत्येकाचा प्रत्यक्ष पगार तासावर भागून तोच आकडा भरावा. सुपरवायझर म्हणतात की, दर माणसाला नव्हे तर श्रेणीला असावा. सॉफ्टवेअर पुरवणाऱ्यांचा माणूस म्हणतो की, सध्या काहीही भरा, पुढे बदलता येईल. हे ऐकल्यापासून माझी काळजी वाढली आहे.

ज्यांनी हे काम केले आहे त्यांनी कृपया सांगावे: दराच्या रकान्यात कोणता आकडा असावा, कौशल्ये किती बारकाईने लिहावीत, आणि या दोहोंचा एकमेकांशी संबंध जोडावा का?

हिशेबनीस
आपला घोळ दराच्या रकान्यात नसून ‘दर’ या एका शब्दाखाली तीन वेगळे आकडे वावरतात यात आहे. कामगाराच्या हातात पडतो तो पगारदर. त्याचा एक तास वर्कशॉपला कितीला पडतो तो खर्चदर. ग्राहकाला त्या तासाचे जे बिल लावले जाते तो आकारणीदर. लेखा विभाग पहिल्याविषयी बोलत आहे, कोटेशन काढणाऱ्याला तिसरा हवा आहे आणि जॉबचा, म्हणजे ग्राहकाच्या एकेका कामाचा, नफा-तोटा पाहायला दुसरा लागतो.

पगारदर आणि खर्चदर यांतले अंतर अनेकांना वाटते त्याहून बरेच मोठे असते. आठवड्याला ४० तास आणि वर्षाला ५२ आठवडे धरले तर पगार २०८० तासांचा दिला जातो. त्यातून रजा, सुट्ट्या आणि प्रशिक्षण यांचे समजा २४० तास गेले, तर हजेरीचे १८४० उरतात. साफसफाई, बैठका, साहित्याची वाट पाहणे, मशिन बंद असणे यांत आणखी १५ टक्के गेले की जॉबवर नोंदता येतील असे १५६४ तास हाती राहतात. पगारदर १०० धरला आणि बोनस, विमा, निवृत्तीची तरतूद वगैरेंसाठी २५ टक्के वर धरले, तर वर्षाचा खर्च २,६०,००० होतो. तो १५६४ ने भागला की खर्चदर १६६ च्या थोडा वर येतो. पगारदरच रकान्यात भरला, तर प्रत्येक जॉबवर मजुरी सुमारे ४० टक्के कमी दिसेल, आणि वर्षाच्या शेवटी सगळे जॉब नफ्यात असूनही वर्कशॉप तोट्यात कसे गेले याचा शोध सुरू होईल. (आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत, आपले टक्के आपणच काढावेत.)

पाना नंबर सतरा
आमच्या रिपोर्टनुसार वर्कशॉपमधला सर्वांत फायदेशीर कामगार तो होता, ज्याच्या दराचा रकाना भरायचा राहून गेला होता.

जुना फोरमन
पाना, हे विनोदाने लिहिले असले तरी पुष्कळ ठिकाणी अगदी असेच होते. रकाना रिकामा असला की प्रणाली निमूटपणे शून्य धरते, त्या माणसाने हात लावलेला प्रत्येक जॉब चांगला दिसतो आणि कोणाला शंकाही येत नाही. दर शून्य असलेल्या कर्मचाऱ्यांची यादी महिन्यातून एकदा काढावी.

आता मूळ प्रश्नाविषयी. हिशेबनीसांचे गणित मला मान्य आहे, पण ते गणित प्रत्येक माणसासाठी वेगवेगळे करण्यास माझा ठाम विरोध आहे. दर व्यक्तिगत ठेवला की एकाच ड्रॉइंगचा एकच भाग, त्याच मशिनवर, सोमवारी एका किमतीला आणि मंगळवारी दुसऱ्या किमतीला पडतो, कारण सोमवारी जुना ऑपरेटर उभा होता आणि मंगळवारी नवा. कोटेशन काढणाऱ्याने यातला कोणता आकडा धरावा? काम हातात येण्यापूर्वी ते कोण करणार हे त्याला माहीत नसते.

याहून वाईट परिणाम शॉपफ्लोअरवर होतो. जॉबच्या नफ्यावर सुपरवायझरची पाठ थोपटली जाणार असेल, तर तो अवघड सेटिंगवरही कमी दराचा माणूस लावू लागतो. दोनशे दराचा सेटर (मशिन कामासाठी लावून देणारा) जे काम २ तासांत लावून देतो, त्याला शंभर दराचा मुलगा ५ तास घेतो. म्हणजे चारशेच्या जागी पाचशे मोजले, वर मशिन ३ तास जास्त अडकले आणि पहिला भाग रिवर्कला, म्हणजे पुन्हा दुरुस्तीला, गेला तो निराळाच. परंतु काम वाटताना पडद्यावर फक्त दर दिसतो, लागणारे तास नंतर दिसतात.

ठिणगी
दराचे आपण जाणकार मंडळी बघत आहातच, म्हणून मी कौशल्यांच्या यादीविषयी लिहिते. मी वेल्डिंगच्या तपासणीत काम करते आणि ‘कौशल्ये: वेल्डिंग’ एवढीच नोंद मला असंख्य ठिकाणी दिसते. त्या नोंदीचा काहीही उपयोग नाही. वेल्डरची पात्रता ही प्रक्रिया, जोडाचा प्रकार, साहित्याची जाडी आणि वेल्डिंगची स्थिती यांनुसार ठरते. वेल्डरच्या पात्रता-चाचणीचे आंतरराष्ट्रीय मानक आयएसओ ९६०६-१ यात मॅग या वेल्डिंग प्रक्रियेला १३५ आणि भरण-तार वापरून केलेल्या टिग या दुसऱ्या प्रक्रियेला १४१ असे क्रमांक आहेत. एकीत पात्र असलेला माणूस दुसरीत आपोआप पात्र ठरत नाही. त्याचप्रमाणे ज्याने केवळ सपाट स्थितीत, म्हणजे ‘पीए’मध्ये, चाचणी दिली आहे त्याला डोक्यावरच्या ‘पीई’ स्थितीतल्या जोडावर लावता येत नाही. सॉफ्टवेअरच्या यादीत हा फरक नसेल, तर ती यादी पाहून काम वाटणारा माणूस तपासणीच्या दिवशी अडचणीत येणार.

दुसरा मुद्दा मुदतीचा. त्याच मानकानुसार वेल्डर आपल्या पात्रतेच्या कक्षेत काम करत आहे, याची पुष्टी दर सहा महिन्यांनी करावी लागते; ती राहिली तर पात्रता चालू राहत नाही. विनाशविरहित तपासणीच्या, म्हणजे वस्तू न तोडता दोष शोधण्याच्या, आयएसओ ९७१२ प्रमाणपत्राची मुदत जास्तीत जास्त ५ वर्षे असते. त्यामुळे प्रत्येक कौशल्यासोबत ‘दिल्याचा दिनांक’, ‘संपण्याचा दिनांक’ आणि ‘कोणी तपासले’ असे तीन रकाने हवेत. कप्पी, तुमच्या प्रणालीत मोकळी यादी आहे असे तुम्ही म्हणता. तिला निदान संपण्याचा दिनांक जोडता येतो का, हे आधी पाहा. येत नसेल तर ती यादी केवळ शोभेची आहे.

मायक्रॉन
ठिणगीताईंशी वेल्डिंगपुरते सहमत, परंतु हाच न्याय सगळ्या कामांना लावला तर यादी हाताबाहेर जाते. एका छोट्या वर्कशॉपमध्ये मी अशी यादी पाहिली आहे, जिच्यात माणसे मोजकी आणि कौशल्ये शंभराच्या वर होती. ‘ड्रिल मशिन’, ‘ड्रिल मशिन १३ मिमी’, ‘ड्रिलला धार लावणे’ अशा नोंदी होत्या. मोठ्या उत्साहाने ती भरली गेली आणि त्यानंतर कोणीही तिच्याकडे ढुंकून पाहिले नाही.

माझी कसोटी सोपी आहे. एखादे कौशल्य असल्या-नसल्याने ‘हे काम या माणसाला द्यावे की नाही’ हा निर्णय बदलणार असेल तरच ते लिहावे. पाच अक्षांच्या मशिनचे सेटिंग, ग्राइंडिंगमध्ये मायक्रॉनची मापे धरणे, क्रेन चालवणे, सीएमएमवर (भागांची मापे घेणाऱ्या यंत्रावर) प्रोग्रॅम लिहिणे हे लिहिण्याजोगे आहे. डिबरिंग, म्हणजे कापलेल्या कडांवरचे खरखरीत टोक काढणे, सगळ्यांनाच येते, मग ते लिहून उपयोग काय?

ठिणगी
आपली कसोटी मला मान्य आहे. फक्त तीत ‘किंवा बाहेरच्या तपासनिसाला दाखवावे लागणार असेल’ एवढी भर घालावी. गुणवत्ता व्यवस्थापनाच्या आयएसओ ९००१:२०१५ या मानकाच्या कलम ७.२ नुसार गुणवत्तेवर परिणाम करणारे काम करणाऱ्यांची क्षमता ठरवावी लागते आणि तिचा लेखी पुरावा ठेवावा लागतो. तो पुरावा अमुकच नमुन्यात हवा असे कोठेही म्हटलेले नाही, हे मात्र खरे.

शून्य दोष
पुराव्यासाठी चार पायऱ्यांचा तक्ता सर्वांत सुटसुटीत पडतो असे मला वाटते. अनेक कारखान्यांत तो आय-एल-यू-ओ या अक्षरांनी भरतात, कारण अक्षराचा आकारच पायरी सांगतो: एक रेघ म्हणजे शिकतो आहे, दोन रेघा म्हणजे देखरेखीखाली करतो, तीन बाजू भरल्या म्हणजे एकटा करतो, आकृती बंद झाली म्हणजे दुसऱ्याला शिकवू शकतो. प्रणालीत हेच १ ते ४ आकड्यांनी ठेवता येते. कोणाला काय येते आणि कोणाला कधीपर्यंत काय शिकवायचे याचा तक्ता करण्याची पद्धत दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत चाललेल्या ‘ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री’ या कार्यक्रमातही होती, म्हणजे हे संगणकाच्या फार आधीचे आहे.

मात्र पायरी ठरवताना एक पथ्य पाळावे. ‘चांगला’, ‘बरा’, ‘उत्तम’ असे शब्द वापरू नयेत. ‘पहिला भाग स्वतः तपासून पास करतो’, ‘ठरलेल्या वेळेत काम संपवतो’, अशी पाहता येण्याजोगी वर्तणूक लिहावी. नाही तर ज्याचे सुपरवायझरशी जमते तो चौथ्या पायरीवर आणि ज्याचे जमत नाही तो आयुष्यभर दुसऱ्या पायरीवर.

कप्पी
सर्वांचे आभार. संपण्याचा दिनांक जोडता येतो, हे आत्ताच तपासले. आणखी दोन शंका आहेत. ओव्हरटाइमचा तास प्रणालीत वेगळ्या दराने नोंदवावा का? आणि आमच्याकडे एक ऑपरेटर एकाच वेळी दोन सीएनसी (संगणकाने चालणाऱ्या) लेथ सांभाळतो. त्याचा तास कोणत्या जॉबवर टाकायचा?

हिशेबनीस
ओव्हरटाइमच्या तासाचे दोन तुकडे करावेत. मूळ दराचा भाग जॉबवर जावा आणि वरचा जादा भाग ओव्हरहेडमध्ये, म्हणजे कोणत्याही एका जॉबचा नसलेल्या सर्वसाधारण खर्चात, जावा. शिफ्ट संपल्यावर कोणता जॉब मशिनवर असेल हा निव्वळ योगायोग असतो. त्या जॉबवर दुप्पट मजुरी टाकली तर बिचारा विनाकारण तोट्यात दिसतो. अपवाद एकच: ग्राहकाने स्वतः घाई केली आणि त्याच्याचसाठी माणसे थांबवली, तर जादा भागही त्याच्या जॉबवरच टाकावा, आणि शक्य असल्यास बिलातही लावावा.

दोन मशिनांच्या बाबतीत मशिनचा तास आणि माणसाचा तास हे दोन वेगळे धागे समजावेत. मशिनचा वेळ दोन्ही जॉबवर पूर्ण पडेल, माणसाचा मात्र वाटला पाहिजे. बहुतेक प्रणाल्यांत एकाच वेळी उघडलेल्या जॉबांमध्ये वेळ समान वाटण्याची सोय असते. ती चालू आहे का ते पाहा. नसेल, तर आठ तासांच्या शिफ्टमध्ये त्या ऑपरेटरच्या नावावर सोळा तास चढतील. म्हणूनच हजेरीचे तास आणि जॉबवर नोंदलेले तास समोरासमोर ठेवणारा रिपोर्ट रोज पाहावा. नोंदलेले तास हजेरीहून जास्त असतील तर नोंदीत गोंधळ आहे, आणि फारच कमी असतील तर कोणीतरी जॉब कार्ड (जॉबचे तास नोंदण्याचे पान) उघडतच नाही.

पाना नंबर सतरा
आठ तासांत सोळा तास काम करणारा माणूस असेल तर त्याला सोडू नका.

गॅरेजवाला
आमचे क्षेत्र वाहनदुरुस्तीचे असल्यामुळे थोडा वेगळा अनुभव मांडतो. आमच्याकडे आकारणी बहुधा प्रत्यक्ष लागलेल्या तासांवर होत नाही, कामाच्या ठरलेल्या वेळेवर होते. तक्त्यात एखाद्या कामाला २.४ तास असतील आणि मेकॅनिकने ते १.६ तासांत केले, तरी बिल २.४ तासांचेच होते आणि त्याची कार्यक्षमता १५० टक्के दिसते. त्यामुळे दर माणसाला नव्हे तर कामाच्या प्रकाराला जोडलेले असतात: साधी देखभाल एका दराने, दोष शोधणे दुसऱ्या, डेंटिंग-पेंटिंग तिसऱ्या.

यात एक खोच आहे. दोष शोधण्याच्या कामाला तक्त्यात नीटसा वेळच नसतो, आणि ते काम नेमके सर्वांत हुशार मेकॅनिककडे जाते. परिणामी रिपोर्टमध्ये सगळ्यात जाणकार माणूस सगळ्यात मंद दिसतो. त्यासाठी आम्ही दोष शोधण्याचे तास वेगळ्या प्रकाराखाली, लागतील तेवढे नोंदवतो आणि कार्यक्षमतेच्या हिशेबातून वगळतो. कौशल्याची नोंदही आमच्याकडे मोजक्याच ठिकाणी निर्णायक ठरते. उच्च विद्युतदाबाच्या बॅटरीचे विद्युत वाहन कोणी उघडायचे, हे त्यातले सर्वांत महत्त्वाचे. तिथे नाव यादीत नसेल तर प्रणाली जॉब कार्ड उघडूच देत नाही.

जुना फोरमन
गॅरेजवाल्यांची ही अडवणूक मला फार आवडली. सूचना देऊन पुढे जाऊ देणाऱ्या प्रणालीत माणूस ती सूचना न वाचताच ‘ठीक आहे’ दाबतो.

रंधा
दराच्या गोपनीयतेबद्दल अजून कोणी लिहिले नाही, म्हणून लिहितो. मी पूर्वी जेथे होतो तेथे व्यक्तिगत दर भरलेले होते, पण सुपरवायझरांच्या पडद्यावरून तो रकाना लपवला होता, त्यामुळे सगळे निर्धास्त होते. मात्र जॉबच्या खर्चाच्या रिपोर्टमध्ये प्रत्येक क्रियेपुढे तास आणि मजुरीची रक्कम या दोन्ही गोष्टी छापल्या जात. रकमेला तासांनी भागायला कितीसा वेळ लागतो? आठवड्याभरात कोणाला किती मिळते हे शॉपफ्लोअरवर सर्वांना तोंडपाठ झाले, आणि पुढचे काही महिने कामापेक्षा त्याचीच चर्चा जास्त चालली. श्रेणीचा सरासरी दर ठेवला की हा प्रश्न बहुतांशी मिटतो. बहुतांशी अशासाठी, की एखाद्या श्रेणीत एकच माणूस असेल तर ती सरासरी म्हणजे त्याचाच पगार. अशा वेळी दोन श्रेणी एकत्र कराव्यात.

तिसरा डोळा
सगळेच सरासरीच्या बाजूने बोलत आहेत, म्हणून मी विरोधात उभा राहतो. सरासरी दर ठेवला की प्रत्यक्षात काय घडले तेच झाकले जाते. मी महागडा माणूस लावला की स्वस्त, हे जॉबच्या खर्चात दिसणारच नसेल तर हा हिशेब ठेवायचा तरी कशाला?

हिशेबनीस
शंका रास्त आहे. तिचे उत्तर प्रमाणित दर आणि प्रत्यक्ष दर यांतल्या फरकात आहे, पण तो फरक जॉब कार्डवर नव्हे तर लेखा विभागात, महिन्याच्या शेवटी काढावा. समजा, एका कामाला प्रमाणित १० तास आणि श्रेणीचा दर १५०, म्हणजे अपेक्षित मजुरी १५००. प्रत्यक्षात १२ तास लागले आणि लावलेल्या माणसाचा खरा दर १४०, म्हणजे १६८०. एकूण १८० जास्त गेले, एवढे पाहून काहीच बोध होत नाही. त्याची फोड अशी: दरातला फरक (१५० − १४०) × १२ म्हणजे १२० ची बचत, आणि वेळेतला फरक (१२ − १०) × १५० म्हणजे ३०० चा तोटा. फोरमन वर जे म्हणाले तेच हे आकडे सांगतात: माणूस स्वस्त घेतला, वेळ जास्त गेला. व्यक्तिगत दर थेट जॉबवर टाकले असते तर हे दोन्ही फरक एकमेकांत मिसळून गेले असते.

तिसरा डोळा
हे पटले. म्हणजे खरा दर नाहीसा करायचा नाही, त्याची जागा पगारपत्रकात. विरोध मागे घेतो.

मायक्रॉन
लागू दिनांकाची गोष्टही कोणीतरी सांगायला हवी. दर बदलतात, आणि काही प्रणाल्या नवा दर भरताच जुने, बंद झालेले जॉबही नव्या दराने मोजून दाखवतात. सॉफ्टवेअर ताब्यात घेण्यापूर्वी एक खोटा कर्मचारी तयार करा, त्याच्या नावावर एक जॉब बंद करा, मग त्याचा दर बदला आणि बंद जॉबचा खर्च पुन्हा उघडून पाहा. आकडा हलला, तर ‘पुढे बदलता येईल’ म्हणणाऱ्या माणसाला बोलावून तो आकडा दाखवा.

शून्य दोष
कप्पींच्या तिसऱ्या प्रश्नाला, म्हणजे कौशल्य आणि दर जोडावेत का याला, अजून कोणी हात घातलेला नाही. माझा कल जोडण्याकडे आहे. पायरी वाढली की दर आपोआप वाढावा. कामगारालाही शिकण्याची ओढ लागेल.

जुना फोरमन
मी याच्या पूर्ण विरोधात आहे. ज्या दिवशी पायरी पैशाला जोडली जाते, त्या दिवसापासून ती नोंद कौशल्याची राहत नाही, वाटाघाटीची होते. कामगार म्हणतो, मला तीनवर घ्या. मालक म्हणतो, बजेट नाही, दोनवरच ठेवा. एकटा मशिन लावणारा माणूस कागदावर देखरेखीखालचा राहतो. कोणाला खूश ठेवायचे असेल तर उलटही घडते आणि ज्याला काम येत नाही तो यादीत वर चढतो. मग शेड्यूल करणारा कोणत्या यादीवर विसंबणार? पगारवाढीच्या बैठकीत कौशल्याचा तक्ता जरूर समोर ठेवावा, पण निर्णय तेथे माणसांनी घ्यावा.

ठिणगी
फोरमनकाकांशी सहमत. वेल्डरची पुष्टी राहिली म्हणून प्रमाणपत्र खंडित झाले, तर त्याचा दरही आपोआप खाली येणार का? तसे झाले तर प्रत्येक जण मागच्या तारखेची सही मिळवण्याच्या खटपटीत राहील.

शून्य दोष
मागच्या तारखेच्या सहीचा मुद्दा माझ्या ध्यानात आला नव्हता. तरीही ज्या वर्कशॉपमध्ये पगारवाढीचा कोणताच निकष नाही, तेथे माझी पद्धत निदान काही तरी निकष देते, एवढे माझे मत कायम ठेवतो.

कप्पी
या चर्चेनंतर सहा श्रेणी करून प्रत्येकीला एक खर्चदर, लागू दिनांकासह, भरण्याचे ठरवले आहे. व्यक्तिगत पगार पगारपत्रकातच राहील. कौशल्यांना चार पायऱ्या असतील, आणि वेल्डिंग व क्रेन यांना संपण्याचा दिनांक असेल. मायक्रॉन यांनी सांगितलेली चाचणी करून पाहिली, आणि बंद जॉबचा आकडा हलला. पुरवठादाराला कळवले आहे. दोन माणसे मात्र कोणत्याच श्रेणीत बसत नाहीत: दिवसातला थोडा वेळ स्वतः मशिनवर उभे राहणारे आमचे फोरमन आणि सहा महिन्यांपूर्वी नोकरी सोडून गेलेला एक फिटर, ज्याच्या नावावर अजून उघडे जॉब दिसतात.

हिशेबनीस
फोरमनचा पगार ओव्हरहेडमध्ये धरलेला असेल, तर त्यांचे मशिनवरचे तास जॉबवर टाकताना तेवढी रक्कम ओव्हरहेडमधून वजा करा, नाही तर तोच पगार दोनदा मोजला जाईल. मशिनवर असताना त्यांना सेटरच्या श्रेणीचा दर लावा. फोरमनचा दर लावलात तर त्या जॉबचे पुढचे कोटेशन उगाच महाग निघेल.

मायक्रॉन
गेलेल्या फिटरचे नाव काढून टाकू नका, त्याबरोबर त्याचे जुने तासही पुसले जाऊ शकतात. त्याला ‘निष्क्रिय’ करा, आणि त्याआधी त्याचे उघडे जॉब दुसऱ्याच्या नावावर वर्ग करा. काही प्रणाल्यांत क्रम उलटा झाला तर ते जॉब कोणालाच बंद करता येत नाहीत.